राहायचा परवाना

छू मावशीने अंगठ्याला जीभ लावली आणि तो आर्काडीच्या भुवईवरून फिरवला. पांढरे ताठ केस क्षणभर बसले आणि पुन्हा उठले. तिने पुन्हा अंगठा चाटला.

"हलू नको, लाओ आ. फोटोत भुवया नीट दिसायला हव्यात म्हणतात. भुवया आहेत का खराटा?"

आर्काडी हलला नाही. लाओ आ, म्हणजे म्हातारा आ, हे त्याचं गल्लीतलं नाव. फोटोच्या खोलीबाहेरच्या लोखंडी बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, न्हाव्यापुढे बसवलेल्या पोरासारखा तो बसून होता. मिंग्या समोर उभी होती. तिने वडिलांच्या चेहऱ्यावरून नजर काढली तर ती बाकाखाली गेली. तिथे कुणीतरी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकून ठेवली होती, ओली, एकमेकांना चिकटलेली. तिने ओठ घट्ट मिटले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिली.

आई जाऊन दीड महिनाही झाला नव्हता.

काल पहाटे हार्बिनच्या गाडीतून उतरून ती घरी आली, तेव्हा दार छू मावशीने उघडलं होतं. वरच्या मजल्यावरची शेजारीण. दार उघडलं यात काही नवल नव्हतं. पण तिच्या हातांवर आईच्या खोळी होत्या. स्वयंपाक करताना बाह्या मळू नयेत म्हणून आई घालायची त्या, बारीक निळ्या फुलांच्या, कोपरापाशी आईनेच शिवलेल्या. छू मावशीचे दंड जाड, त्यामुळे रबर कातडीत रुतलेलं होतं. "आलीस? आत ये, वारा येतोय," असं तिने मिंग्याला मिंग्याच्याच घराच्या उंबरठ्यावर सांगितलं. मिंग्याने बूट काढले आणि आत गेली. न्हाणीघरात आईचा झाकणाचा चहाचा पेला होता. त्यात पाण्यात बुडवून बाबांची कवळी ठेवलेली होती.

दिवसभर ती त्या कवळीकडे पाहायचं टाळत राहिली. संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या छू पण येईल बरोबर."

"कशाला? मी आहे ना."

"येऊ दे," बाबा म्हणाले, आणि लसणाची पाकळी काळ्या पावावर घासत बसले.

फोटो निघाला. आता तिघं चौथ्या खिडकीपुढच्या खुर्च्यांवर बसली. दालनात ओल्या लोकरीचा आणि फरशी पुसायच्या औषधाचा वास कोंडला होता. बाहेर नदी गोठलेली होती, तिच्या पलीकडे आर्काडीचा रशिया. इथे आत उकडत होतं, आणि माणसं कोट काढून मांडीवर घेऊन बसली होती, मेलेली जनावरं घ्यावीत तशी. शेजारी एक व्यापारी फोनवर मोठ्याने रशियन बोलत होता. आर्काडीचा कान तिकडे गेला असेल असं मिंग्याला वाटलं, पण तो खिडकीवरच्या लाल आकड्यांकडेच पाहत होता.

दर दोन वर्षांनी आई त्याला इथे घेऊन यायची. नवरा परदेशी असला तर बायकोने स्वतः यावं लागतं, आम्ही एकत्र राहतो असं खिडकीशी सांगावं लागतं. आई आदल्या दिवशी केस कुरळे करून घ्यायची. खिडकीपुढे उभी राहिली की सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "हा अजून माझाच आहे हो. कुणी नेला नाही!" बाकावरचे लोक हसायचे, पलीकडच्या पोलिसालाही हसू यायचं. मिंग्या शाळेत असताना एकदा बरोबर आली होती आणि लाजेने खुर्चीखाली शिरायची बाकी राहिली होती. आता त्याच खुर्च्यांमधल्या एकीवर बसून छू मावशी पिशवीतून संत्रं काढत होती. तिने ते नखाने सोललं, पांढरे धागे काढले, आणि फोड आर्काडीच्या हातात न देता सरळ तोंडापुढे धरली.

त्याने तोंड उघडलं.

मिंग्याने हातातली फाईल उघडली आणि जे पाठ होतं तेच पुन्हा वाचू लागली. पारपत्र. फोटो. तिचा जन्माचा दाखला. आईच्या मृत्यूचा दाखला. घराची तपकिरी नोंदवही, तिच्यात घरातल्या माणसांची पानं. आईचं पान अजून तसंच होतं, रद्दचा शिक्का नसलेलं, जिवंत माणसाचं असावं तसं. चौकीत जाऊन ते रद्द करून घ्यायला हवं होतं. महिना उलटला होता. हार्बिनला ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. दुसऱ्याच्या पानावरची चूक तिच्या नजरेतून सुटत नसे, एका रेघेत ती काट मारायची. या पानापाशी तिचा हात येत नव्हता.

आकडा लागला.

खिडकीपलीकडच्या पोलीसबाईने आर्काडीला पाहिलं आणि मान डोलावली. "आलात, आजोबा. बसा." मग मिंग्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मुलगी. आई वारली. यांचा परवाना तिच्या नावावर होता, तो पुढच्या आठवड्यात संपतो. आता हमी मी देते. मुलीला देता येते, मी नियम वाचलाय."

"येते," बाई म्हणाली आणि पारपत्राची पानं उलटू लागली. एका पानावर थांबली. "गेल्या महिन्यात नदीपार जाऊन आलात. परत आल्यावर चौकीत कळवलंत? एका दिवसात कळवावं लागतं."

मिंग्या म्हणाली, "नाही, ते कुठे गेले नव्हते. आईचं सगळं—"

"कळवलंय," छू मावशी मागून म्हणाली. तिने संत्र्याची सालं एका हातात धरली, दुसऱ्या हाताने पिशवीतून घडी केलेला कागद काढला आणि मिंग्याच्या खांद्यावरून पुढे सरकवला. "मीच घेऊन गेले होते चौकीत. शिक्का बघा."

कागदाला संत्र्याचा वास येत होता. मिंग्याने वडिलांकडे पाहिलं.

"पलीकडे गेला होतात?"

"काम होतं," आर्काडी म्हणाला.

"कसलं काम?"

तो काचेवर बोटाने काही पुसू लागला. काच स्वच्छ होती.

पोलीसबाईने कागद बाजूला ठेवला. "तुमची स्वतःची रहिवासाची नोंद कुठली?" तिने मिंग्याला विचारलं.

"हार्बिनची."

"म्हणजे तिकडे हलवलीत."

"घर घेतलं तेव्हा." हलव गं, इथे काय ठेवलंय, असं आईच मागे लागली होती.

"मग अर्ज हार्बिनला करायचा. ज्याच्या आधारावर राहायचं, त्याच्या गावी राहायचं. तुमची हमी तिकडची आणि हे इथे, असं नाही चालत." तिने आर्काडीकडे पाहिलं, आणि तिचा आवाज थोडा खाली आला. "आजोबा, गेल्या वेळी तुम्ही एकटे आलात तेव्हा मी हेच सांगितलं होतं ना? मुलीला बोलला नाहीत?"

आर्काडीचं बोट काचेवर थांबलं.

"सांगायचं राहिलं," तो म्हणाला.

त्याला चिनी बोलायला लागून इतकी वर्षं झाली होती, तरी स्वर चुकायचे. शेजारी त्याची नक्कल करायचे, आई तर जेवताना करायची. हे वाक्य मात्र त्याने बिनचूक म्हटलं.

"तर मग," पोलीसबाई म्हणाली, "सोपं आहे. तुम्ही यांना हार्बिनला नेताय का? नेत असाल तर मी तसा शेरा मारते, तिकडे त्रास होणार नाही. नसाल तर थोड्या दिवसांचा कागद मिळेल, आवराआवर करायला. मग यांना परत जावं लागेल." परत म्हणताना तिने हनुवटीने खिडकीबाहेर नदीकडे दाखवलं, शेजारच्या गल्लीत जायचं असावं तसं.

मिंग्याने तोंड उघडलं. तिच्या डोळ्यांपुढे तिचं घर आलं. खिडकीपाशी टेबल, त्यावर हिरव्या टोपीचा दिवा, भिंतीभर पुस्तकं, आणि ती शांतता, जिच्यासाठी तिने एका चांगल्या माणसाशी ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्या शांततेत पहाटे बाबांचा खोकला आला. आधी कोरडा, मग छातीच्या तळातून खरवडून वर काढलेला, मग बेसिनमध्ये पडल्याचा आवाज. वर्तमानपत्रात गुंडाळलेले खारे मासे आले. त्याचे लोकरीचे पायमोजे आले, हीटरवर वाळत घातलेले. तिच्या एकुलत्या एका बशीच्या पेल्यात ती गुलाबी कवळी आली, हसल्यासारखी.

"माझं घर लहान आहे," ती म्हणाली.

लेखकाला एखादा परिच्छेद वगळावा लागेल असं कळवताना तिचा जो आवाज असायचा, त्याच आवाजात.

आर्काडीने लगेच मान हलवली, फारच लगेच. "लहान आहे," तो खिडकीला म्हणाला. "मी पाहिलंय. एक खोली. तिला रात्री काम असतं. दिवा लागतो."

पोलीसबाईने काही लिहिलं नाही. मिंग्याच्या पाठीमागे कुणीतरी खाकरलं.

"आणि इथेच लग्न केलं तर?" छू मावशीने विचारलं.

दालनात बोलणी चालू होती, व्यापाऱ्याचा फोन चालू होता, तरी मिंग्याला सगळं एकदम बंद पडल्यासारखं वाटलं.

"कुणी?" पोलीसबाईने विचारलं.

"ह्याने. माझ्याशी. माझी नोंद इथलीच आहे. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्याकडे दाखला पण आहे, पलीकडून आणलाय, बायको वारली म्हणून आता मोकळा आहे असा. दाखव रे, लाओ आ."

आर्काडीने दाखवला नाही. त्याचे कान लाल झाले होते.

पोलीसबाईने दोघांकडे पाहिलं, मग मिंग्याकडे पाहायचं टाळून म्हणाली, "तर नवा अर्ज. पण लग्न नोंदवायला आधी मयत बाईंचं नाव रद्द झालेलं पाहिजे. ते झालंय का?"

"नाही," मिंग्या म्हणाली.

"मग ते करून या. घाई करा, पुढच्या आठवड्यात तारीख आहे."

तिने पुढचा आकडा लावला.

जिन्याखाली पाणी तापवायचं यंत्र होतं आणि तिथे कुणी नव्हतं. मिंग्या तिथे थांबली. बाकीची दोघं मागून आली, आर्काडी जिन्याच्या कठड्याला धरून, छू मावशी त्याच्या कोटाची बाही धरून.

"किती दिवस चाललंय हे?" मिंग्याने विचारलं.

"काय चालायचंय?" छू मावशी म्हणाली. "माझं वय बघ, ह्याचं बघ. ह्याला चालताना धाप लागते."

"आईला जाऊन किती दिवस झाले ते माहीत आहे ना?"

"तिला आता घाई नाही, पोरी. ह्याला आहे."

 मिंग्याने फाईल छातीशी धरली. "आणि तुम्हाला? तुम्हाला कसली घाई?"

छू मावशीने संत्र्याची सालं कचऱ्याच्या डब्यात टाकली, हात कोटाला पुसले. तिला लाज वाटत नव्हती, आणि तेच मिंग्याला सहन होत नव्हतं.

"मला पण आहे. पोराचं लग्न ठरलंय. सून म्हणते, सासू नको घरात, दोन खोल्यांत तीन माणसं कशी राहायची. बरोबर आहे तिचं, मी घोरते. घर त्याला दिलं. मग मी कुठे जाऊ? ह्याला शिक्का पाहिजे, मला छप्पर. ह्याच्या खोलीत मी जाणार नाही, माझ्या खोलीत हा येणार नाही. जेवण मी करीन, नळ गळला तर हा बघेल. ह्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?"

"ते घर आईचं आहे."

"मग? मी काय उचलून नेतेय? तुझ्या आईची मोठी खोली पण नको मला. तिथे खिडकीतून वारा येतो."

मिंग्या हसली नाही. बाजारातली दोन माणसं कोबी आणि कोळशाचा सौदा करताना जशी बोलतात तसं हे चाललं होतं, आणि सौद्यात मध्ये पडलेली वस्तू म्हणजे तिची आई होती. तिला तिथून निघून हात धुवावेसे वाटले, साबणाने, कोपरापर्यंत.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं. माझी हमी इथे चालणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. मी रजा काढून आले, कागद जमवले, फोनवर रोज सांगत होते, काळजी करू नका, मी आहे. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत."

आर्काडी यंत्राच्या नळाकडे पाहत होता. नळातून थेंब पडत होता. त्याने हात पुढे करून नळ घट्ट पिळला. थेंब थांबला.

"बोललो असतो तर तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला.

मिंग्याने फाईल काखेत घेतली.

"फोनवर हो म्हणाली असतीस. मग मला यावं लागलं असतं." त्याने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, खिडकीने विचारलेलं बरं. खिडकीला माणूस खरं सांगतो."

"म्हणून तुम्ही मला इथपर्यंत आणलंत?"

"तूच घेऊन आलीस. मी नुसता आलो."

छू मावशी खिडकीबाहेर बर्फ झाडणाऱ्या माणसांकडे बघत असल्यासारखी उभी होती. तिचा कान मात्र इकडेच होता, आणि तो तसा असल्याचं तिने लपवलंही नव्हतं.

"तुला हे लग्न नको असेल तर मी पलीकडे जातो," आर्काडी म्हणाला. "तिकडे शाळेतला एक मित्र होता. म्हणजे, आहे. दाखला आणायला गेलो तेव्हा भेटलो त्याला. त्याने दारातच विचारलं, कोण पाहिजे. नाव सांगितलं तेव्हा म्हणाला, तू तर चिनी झालास ना? मग चहा दिला त्याने. चांगला माणूस आहे." त्याने टोपी उलटी करून पाहिली. "ऑफिसातल्या पोरीने पण विचारलं, रशियन कुठे शिकलात?"

छू मावशी फस्सकन हसली. "ऐकलंस? इकडे आम्ही म्हणतो हा चिनी बोलतो का घोरतो, आणि तिकडे ह्याचं रशियन चालत नाही. ह्याने आता फक्त खोकावं. ते दोन्हीकडे कळतं."

आर्काडीही हसला, तोंड मिटून, कवळी सैल होती म्हणून. मिंग्याने ते हसू पाहिलं. आई त्याची नक्कल करायची तेव्हा तो असाच हसायचा. ते हसू आता दुसऱ्या बाईसाठी बाहेर आलेलं पाहून तिला शिसारी आली. तिने शिसारी तशीच राहू दिली, कारण तिच्याखाली दुसरं काही होतं आणि तिकडे बघायची तिची तयारी नव्हती.

"चौकी जुनीच ना?" तिने विचारलं. "धान्याच्या दुकानाशेजारची?"

 ती कोटाची बटणं लावून पुढे निघाली.

चौकीत एकच हवालदार होता, पोट सुटलेला, पन्नाशीचा. तो टेबलाशी बसून कांद्याच्या पातीचं सारण भरलेला वाफवलेला पाव खात होता. मिंग्याला पाहून त्याने उरलेला अर्धा पाव तोंडात कोंबला, बोटं वर्तमानपत्राला पुसली आणि त्याच बोटांनी आईचं ओळखपत्र हातात घेतलं. आईच्या चेहऱ्यावर तेलाचा अंगठा उमटला.

"उशीर केलात," तो चघळत म्हणाला.

"हो."

"सगळेच करतात. मागच्या गल्लीतल्या एकाने बापाचं पान चार वर्षं ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाला, राहू दे ना, खातोय का तो?" तो स्वतःच्याच बोलण्यावर हसला, मग तिचं तोंड बघून थांबला. "मयताशी नातं?"

"मुलगी."

"एकटीच आलात? नवरा आहे ना यांचा, तो परदेशी? लाओ आ? माझ्या सासऱ्याचा रेडिओ त्यानेच दुरुस्त केला होता."

"ते बाहेर आहेत."

"थंडीत? आत बोलवा की."

"नको," मिंग्या म्हणाली. "मीच करते."

त्याने नोंदवही उघडली, आईचं पान शोधलं, शिक्का शाईत दाबला. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली. मिंग्याला त्या वाफेतला पातीचा वास इकडे आला. मग त्याने शिक्का पानावर ठेवला आणि वर तळहाताने जोर दिला, कणकेचा गोळा दाबावा तसा. पान सुटलं तेव्हा आईच्या नावावर लाल अक्षरं आडवी पडली होती.

खणातून त्याने कात्री काढली. "हे जमा करून घ्यायचं असतं. पण कोपरा कापला की निकामी होतं, मग पाहिजे तर देतो. ठेवणार?"

"ठेवते."

कार्ड जाड होतं. कात्री बोथट होती. पहिल्यांदा ती घसरली, दुसऱ्यांदा त्याने दोन्ही हात लावले. कोपरा टक्कन उडाला आणि टेबलाखाली गेला. हवालदार वाकू लागला. पोट आडवं आलं.

"राहू द्या," मिंग्या म्हणाली, "मी बघते."

ती गुडघ्यावर बसली. टेबलाखाली धूळ होती, सिगारेटची थोटकं होती, पावाचा एक तुकडा होता आणि त्याला चिकटून तो कोपरा. तिने तो उचलला, बोटांनी पुसला, आणि कुठे ठेवावा हे न सुचून मुठीत ठेवला. उठताना टेबलाची कड धरून ती थोडा वेळ तशीच वाकून राहिली. हवालदाराने खुर्ची पुढे ढकलली, पण ती बसली नाही.

बाहेर दोघं भिंतीच्या आडोशाला उभी होती. गोठलेली पेअर विकणाऱ्या बाईकडून छू मावशीने दोन फळं घेतली होती आणि ती काळी पडलेली, दगडासारखी फळं कोटाच्या खिशात घालून वितळवत होती. आर्काडीने मिंग्याला येताना पाहिलं आणि तिच्या चेहऱ्याऐवजी हातातल्या फाईलकडे बघितलं.

"झालं," मिंग्या म्हणाली.

आर्काडीने टोपी काढली. श्वास भुवयांवर गोठत होता इतकी थंडी होती. त्याच्या टकलावरचे तुरळक केस वाऱ्याने उभे राहिले. पेअरवाली बाई त्याच्याकडे बघू लागली. तो चौकीच्या दाराकडे तोंड करून, टोपी पोटाशी धरून, नुसता उभा राहिला. छू मावशीने एकदा हात पुढे केला, मग तोच हात खिशात घातला आणि पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. मिंग्याला वाटलं, ही आता काहीतरी बोलेल. छू मावशीने नाक ओढलं आणि रस्त्यावर थुंकली.

मग आर्काडीने टोपी घातली आणि तिघं बसथांब्याकडे चालू लागली. मिंग्याची गाडी दुपारची होती. तिची छोटी पेटी आर्काडीने ओढत आणली होती; बर्फावर तिची चाकं फिरत नव्हती, तरी त्याने ती उचलली नाही आणि कुणाला देऊही दिली नाही.

थांब्यावर आल्यावर छू मावशीने विचारलं, "गुरुवारी थांबत नाहीस तू?"

"गुरुवारी काय?"

"शेवटचा सातवा. दर सातव्या दिवशी जाळतोय ना आम्ही तुझ्या आईला खर्चायला कागदाच्या नोटा, चौकात. ह्या गुरुवारी सात वेळा पुरे होतात. मग ती पुढे गेली ती गेली. लेकीने जाळायच्या असतात तेव्हा."

मिंग्याला ते माहीत होतं. हार्बिनला तिच्या कॅलेंडरवर त्या दिवशी दुसरंच काही लिहिलेलं होतं. "माझी रजा संपली," ती म्हणाली.

"मग मी जाळीन. ह्याच्याने होत नाही, वाऱ्यात तीन-तीन काड्या विझवतो." छू मावशीने खिशातली पेअर चाचपून पाहिली, अजून कडक होती, परत ठेवली. "फक्त हाक मारावी लागते. कुणी पाठवलंय ते सांगावं लागतं, नाहीतर वाटेतले दुसरेच मेलेले हिसकावून नेतात. आतापर्यंत मी लाओ आचं नाव घ्यायची. शेवटच्याला कुणाचं घेऊ?"

आर्काडी पेटीच्या चाकातलं बर्फ बुटाच्या टोकाने काढत होता.

"माझं घ्या," मिंग्या म्हणाली.

"तुझंच घेणार होते." छू मावशीने तिच्याकडे सरळ पाहिलं, आज पहिल्यांदाच. "पण मी हाक मारली की ती माझा आवाज ओळखेल. विचारेल, पोरगी कुठंय. मग काय सांगू?"

बस आली. दार उघडलं, आतली ऊब आणि डिझेलचा वास बाहेर आला. मिंग्याची मूठ कार्डाच्या कोपऱ्यावर अजून वळलेली होती. आर्काडीने पेटी पायरीवर ठेवली, आणि तिने चढावं म्हणून बाजूला झाला.